पोटातल्या बाळाचं वेळापत्रक

प्रश्न थोडक्यात असा: "मला नववा आठवडा चालू आहे, पहिलीच खेप. दिवस गेलेत हे कळायच्या आधी, पाळीच्या तारखेच्या आठवडाभर अगोदर, मी ताप-खोकल्याच्या गोळ्या घेतल्या आणि छातीचा एक्स-रे काढला. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. सासूबाई म्हणतात सहाव्या महिन्यात ग्रहण येतंय, कडक पाळायचं, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. आई म्हणते सातव्यात झालेलं बाळ जगतं, आठव्यातलं जगत नाही. पोटात बाळाचं नेमकं कधी काय तयार होतं, हे एकदा नीट सांगाल का?"

तिन्ही शंका वेगवेगळ्या वाटतात, पण उत्तर एकच आहे. बाळाच्या प्रत्येक अवयवाची घडण्याची वेळ ठरलेली असते. ती वेळ यायच्या आधी किंवा उलटून गेल्यावर त्या अवयवाची काळजी करून उपयोग नसतो. सव्वीस वर्षं बाळंतपणं करतेय. बायका चुकीच्या महिन्यात घाबरतात आणि जेव्हा धावत यायला हवं तेव्हा घरी थांबतात, हे मी नेहमी बघते. म्हणून जरा लांबण लावून सांगते.

आधी आठवड्यांचा हिशेब. आम्ही दिवस मोजतो ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. स्त्रीबीज बाहेर पडतं त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. म्हणजे पहिले दोन आठवडे तुम्ही गरोदर नसताच, तरी ते हिशेबात धरलेले असतात. आमच्या भागात फौजेतली माणसं पुष्कळ. एकदा सुट्टीवर आलेला जवान सोनोग्राफीचा कागद हातात धरून एकटाच केबिनमध्ये आला, दार लावून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मॅडम, यात सात आठवडे लिहिलंय. मला घरी येऊन पाचच आठवडे झालेत." त्याला कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग आला. तेव्हापासून पहिल्याच भेटीत मी हा हिशेब नवऱ्यासमोर सांगते. एकूण ४० आठवडे, म्हणजे २८० दिवस. शेवटच्या पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवले की अंदाजे तारीख येते. अंदाजेच बरं का. नेमक्या त्या दिवशी थोडीच बाळं जन्मतात.

आता तुमच्या गोळ्या. पाळीच्या तारखेच्या आठवडाभर अगोदर बाळ कुठे होतं? बीज आणि शुक्राणू एकत्र येतात ते गर्भनलिकेत. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार असं होत तो गोळा तीन-चार दिवस नलिकेतून घरंगळत गर्भपिशवीत येतो आणि सहाव्या दिवसाच्या आसपास अस्तराला चिकटू लागतो. म्हणजे तुम्ही गोळी घेतली तेव्हा तुमचं बाळ म्हणजे शंभर-दोनशे पेशींचा ठिपका होता, गर्भपिशवीत नुकताच टेकलेला. नाळ नाही, वार (प्लासेंटा) नाही, तुमच्या रक्ताशी नीटसा संबंधही जुळलेला नाही. या काळाचा नियम वैद्यकात 'सगळं किंवा काहीच नाही' असा शिकवतात. इजा मोठी असेल तर गर्भ टिकतच नाही, पाळी येऊन जाते. टिकला तर बाकीच्या पेशी गेलेल्यांची जागा भरून काढतात, कारण अजून कुठली पेशी हृदयाची आणि कुठली हाताची हे ठरलेलं नसतं. तुमचा गर्भ टिकला आहे. छातीच्या एक्स-रेत गर्भपिशवीपर्यंत पोचणारी किरणं तर इतकी थोडी असतात की त्यासाठी झोप घालवू नका. हे वाचून आज झोपा.

पुढे मात्र खरी घाई सुरू होते. पाचव्या आठवड्यापासून दहाव्यापर्यंतचे हे पाच-सहा आठवडे मी सगळ्यात नाजूक मानते, आणि नेमक्या याच काळात निम्म्या बायकांना आपण गरोदर आहोत हे कळलेलं तरी नसतं किंवा त्यांनी कोणाला सांगितलेलं नसतं. पोट दिसत नाही, बाळ हलत नाही, फक्त मळमळतं. आत मात्र सगळं उभं राहत असतं.

पहिल्यांदा पाठीच्या बाजूला एक पट्टी उमटते. तिच्या दोन्ही कडा वर उचलल्या जातात आणि मध्ये एकमेकींना चिकटतात. करंजीच्या कडा जुळवताना आपण मधून दोन्हीकडे जातो, बरंचसं तसंच. त्या नळीच्या एका टोकाचा मेंदू होतो, उरलेल्याचा मज्जारज्जू. हे जुळवणं बीज फळल्यापासून २८व्या दिवसापर्यंत, म्हणजे आपल्या हिशेबात सहाव्या आठवड्याच्या अखेरीला संपलेलं असतं. कड कुठे उघडी राहिली तर तिथे पाठीच्या कण्याचा दोष राहतो. डोक्याकडची राहिली तर कवटी-मेंदूच घडत नाही. फॉलिक अ‍ॅसिड याच्यासाठी. आधीच्या बाळाला असा दोष होता अशा बायकांना ते आधीपासून दिलं तर पुढच्या खेपेचा धोका जवळपास तीन चतुर्थांशाने कमी होतो, हे १९९१ साली ब्रिटनमधून निघालेल्या मोठ्या चाचणीत स्पष्ट झालं. आणि आपल्याकडे? बाई आठव्या आठवड्याला पहिल्यांदा दवाखान्यात येते, मी चिठ्ठी लिहिते, तोवर नळी मिटून पंधरा दिवस झालेले असतात. गोळी तरीही देते, रक्तासाठी हवीच असते. पण ती खरी सुरू व्हायला हवी मूल हवं असं ठरवलं तेव्हा, गरोदर राहायच्या किमान महिनाभर आधी, रोज ४०० मायक्रोग्रॅम. फार स्वस्त गोळी आहे. तुमच्या नणंदा, जावा, मैत्रिणींमध्ये कोणाचं लग्न नुकतंच झालं असेल तर तिला हे सांगा.

सहाव्या आठवड्यात हृदय धडधडताना सोनोग्राफीत दिसू लागतं. तेव्हा ते हृदय कसलं, एक वळलेली नळी असते, पण ती चालू झालेली असते. सुरुवातीला मिनिटाला शंभर-सव्वाशे ठोके, नवव्या आठवड्याच्या सुमारास १७०च्या घरात, मग हळूहळू उतरत ११० ते १६०. "ठोके एवढे जास्त कसे?" म्हणून घाबरून फोन येतात. बाळाचे ठोके आपल्या दुपटीच्या आसपास असतातच.

हातापायांचे आधी कोंब फुटतात, आधी हात, दोन-तीन दिवसांनी पाय. बोटं चिकणमातीसारखी बाहेर ओढून निघतात असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. आधी एक सपाट वल्हं तयार होतं आणि बोटांच्या मधल्या पेशी ठरल्या वेळी मरून जातात, तेव्हा बोटं सुटी होतात. मला हे शिकताना फार नवल वाटलं होतं, अजूनही वाटतं.

वेळापत्रक किती काटेकोर असतं याचा जगाला सगळ्यात मोठा धडा मिळाला तो थॅलिडोमाइडमुळे. १९५७ साली जर्मनीत हे औषध झोपेसाठी बाजारात आलं, मग गरोदर बायकांच्या मळमळीवरही दिलं जाऊ लागलं. १९६१मध्ये ते परत घेईपर्यंत हजारो मुलं आखूड हातापायांची जन्मली होती. मागाहून आयांच्या तारखा जुळवल्या तेव्हा कळलं की शेवटच्या पाळीपासून साधारण ३४व्या ते ५०व्या दिवसांतच या औषधाने घात केला होता. त्यातही सुरुवातीच्या दिवसांत घेतलं तर कानांवर, मग हातांवर, मग पायांवर. पन्नासाव्या दिवसानंतर सुरू केलेल्या बायकांची बाळं बहुतेक धडधाकट. औषध तेच होतं, फरक फक्त तारखेचा.

तेव्हा आत्ता, नवव्या आठवड्यात, मेडिकलवाल्याला विचारून कुठलीही गोळी घ्यायची नाही, मुरमांचीही नाही. त्यातली काही औषधं बाळाला फार घातक असतात. उलट ज्यांना फिट्स, थायरॉइड, दम्याची औषधं चालू असतात त्यांनी ती घाबरून आपल्या मनाने बंद करायची नाहीत. डॉक्टरांकडे जाऊन लागल्यास बदलून घ्यायची. या दिवसांत जोराचा ताप आला तर अंगावर काढू नका. पॅरासिटामोल चालतं, जास्त त्रास तापाचाच असतो.

या घडीला तुमचं बाळ बदामाएवढं आहे, २२-२३ मिलिमीटर. (मोबाइलमधली अ‍ॅप्स दर आठवड्याला एकेक परदेशी फळ दाखवतात. एवोकॅडो मी स्वतः पन्नाशीत पहिल्यांदा पाहिला.) आणि आणखी एक गंमत चालू आहे. त्याची आतडी इतक्या वेगाने वाढतायत की एवढ्याशा पोटात मावत नाहीत. म्हणून त्यातला काही भाग नाळेच्या मुळाशी बाहेर येऊन राहतो, तिथे स्वतःभोवती पीळ घेतो आणि बाराव्या आठवड्यापर्यंत परत आत जातो. हाच भाग बाराव्या आठवड्यानंतर बाहेर दिसला तर आम्ही गंभीर होतो. नवव्यात दिसला तर हसून पुढे जातो.

आता ग्रहण. वरचा ओठ तीन तुकड्यांनी बनतो, एक नाकाखालून आणि दोन गालांकडून. ते दहाव्या आठवड्याच्या आत जुळलेले असतात. टाळू, म्हणजे तोंडातलं वरचं छत, बारा ते चौदा आठवड्यांत. एकदा सांधा जुळला की तो सुरीने कापावा तसा सहाव्या महिन्यात उघडत नाही. म्हणजे ग्रहण लागेल तेव्हा तुमच्या बाळाचा ओठ तयार होऊन तीन-साडेतीन महिने झालेले असतील. सासूबाईंना हे सांगताना माझं नाव पुढे करा हवं तर. त्यांचं मन राखायला तुम्ही घरात बसलात, विळी-सुरीला हात लावला नाहीत, तर माझी काही हरकत नाही. पण वेध लागल्यापासून मोक्षापर्यंत उपाशी आणि पाण्याविना एका कुशीवर झोपवून ठेवलेल्या बायका चक्कर येऊन माझ्याकडे आणल्या गेल्यात. ते करू नका. वेळेवर जेवा, पाणी प्या, लघवीला जा.

बाराव्या आठवड्याला पाच-साडेपाच सेंटिमीटरचं पूर्ण माणूस असतं. घडण बहुतेक संपली, आता वाढ. तोवर वारही कामाला लागलेली असते. वारेबद्दल गैरसमज फार. आईचं रक्त बाळाच्या अंगात वाहत नाही. दोन्ही रक्तं वारेत एकमेकांशेजारून जातात, मध्ये पातळ पडदा. त्यातून प्राणवायू, साखर, लोह पलीकडे जातं, कचरा अलीकडे येतो. पण पडदा शहाणा नाही. दारू, निकोटिन त्यालाही अडवता येत नाही. सिगारेट ओढणाऱ्या बायका आमच्याकडे विरळाच, पण मिश्री लावणाऱ्या? पहिल्या भेटीत "तंबाखू खाता का?" विचारलं की "छे!" असं उत्तर येतं. "मिश्री लावता का?" विचारलं की मान खाली जाते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्याने बाळाचं वजन घटतं आणि दिवस भरायच्या आधी प्रसूतीची भीती वाढते.

पहिली महत्त्वाची सोनोग्राफी, एनटी स्कॅन, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्याच खिडकीत होते. मानेमागच्या त्वचेखालचं पाणी तेव्हाच मोजता येतं. दुसरी १८ ते २० आठवड्यांत, त्यात हृदयाचे कप्पे, कणा, मूत्रपिंडं, हातपाय एकेक करून पाहतात. "पुढच्या महिन्यात लग्न आहे घरात, मग करू" असं करत चोवीसाव्या आठवड्याला येऊ नका. काही गंभीर निघालं तर विचार करायला, दुसरा सल्ला घ्यायला वेळ हाताशी हवा. मुलगा की मुलगी ते मात्र कोणत्याच सोनोग्राफीत विचारू नका. महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी, १९८८ साली त्याविरुद्ध कायदा केला आणि १९९४ला तो देशभर झाला. शिवाय ते ठरतं पहिल्याच दिवशी, शुक्राणूकडून. त्यात बाईचा हात नसतो.

मधल्या महिन्यांतलं एकच सांगते, कारण ऐकून सगळ्या तोंडाला पदर लावतात. बाळ ज्या पाण्यात पोहत असतं ते पाचव्या महिन्यापासून मुख्यतः त्याचीच लघवी असते. ते तेच पितं, मूत्रपिंडातून गाळतं, परत सोडतं. कचरा वारेतून तुमच्याकडे जात असल्याने हे पाणी स्वच्छच असतं. म्हणून "पाणी कमी आहे" असा रिपोर्ट आला की आम्ही आधी बाळाची मूत्रपिंडं आणि वारेचा रक्तपुरवठा पाहतो. नारळपाण्यावर सगळं सोडून देत नाही.

पहिलटकरणीला हालचाल १८ ते २० आठवड्यांत कळते. आधी पोटात वारा फिरल्यासारखं किंवा मासोळी सुळकन गेल्यासारखं वाटतं. बाळ त्याच्या कितीतरी आधीपासून हलत असतं, तुम्हाला जाणवायला वेळ लागतो. चोवीस-पंचवीस आठवड्यांपासून त्याला ऐकू येतं. अभिमन्यूने पोटात असताना चक्रव्यूहाची रीत ऐकली, ही गोष्ट प्रत्येक जण मला सांगतो आणि गर्भसंस्काराच्या वर्गाची फी भरू का विचारतो. जन्मलेलं बाळ आईचा आवाज ओळखतं आणि पसंत करतं, हे १९८०मध्ये अमेरिकेत प्रयोगाने दाखवलं गेलंय. तेव्हा बोला, गा, ओव्या म्हणा, भांडी घासताना नवऱ्याला ओरडलात तरी ते ऐकतंय. पोटाला हेडफोन लावायची गरज नाही. श्लोक ऐकून गणित सुधारतं याला मात्र काही आधार नाही.

वजनाबद्दल पुण्याचं उदाहरण देते. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून पाठपुरावा केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान भरले, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. मोठेपणी आपल्याकडे मधुमेह इतका का, याचा एक धागा तिथे लागतो. आणि जिच्या ताटात पालेभाजी, फळं, दूध जास्त वेळा होतं तिची बाळं वजनाला बरी होती. निम्म्याहून अधिक बायकांत बी-१२ कमी होतं. म्हणून मी केशराचं विचारणाऱ्यांना सांगते, केशराने बाळ गोरं होत नाही, रंग आईबापांकडून येतो. ते पैसे मेथी, राजगिरा, पेरू आणि दुधात घाला. "दोघांचं जेव" म्हणून दुप्पट भात वाढणाऱ्यांनाही हेच.

आता आईचं म्हणणं. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही. हे उलटं आहे. बाहेर आल्यावर बाळाला पहिली गरज श्वासाची. फुप्फुसांतल्या बारीक फुग्यांना आतून साबणासारखा एक थर लागतो, सर्फॅक्टंट म्हणतात त्याला. तो नसेल तर प्रत्येक श्वासानंतर फुगे चिकटून बसतात. हा थर २४ आठवड्यांच्या सुमारास बनू लागतो आणि पुरेसा व्हायला ३४-३५ आठवडे जातात. त्यामुळे पोटात काढलेला एकेक आठवडा बाळाच्या बाजूने मोजायचा. आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा केव्हाही बरं. समज कुठून आला याचा माझा अंदाज एवढाच, की पूर्वी तारखा पक्क्या नसत. 'सातव्यातलं' म्हणून जगलेलं बाळ बहुधा सातव्यातलं नसेच.

यातलं सुंदर काम न्यूझीलंडच्या डॉ. लिगिन्स यांचं. ते मेंढ्यांवर प्रसूतीच्या कळा कशा सुरू होतात ते पाहत होते. स्टिरॉइड दिलेलं एक कोकरू फार लवकर जन्मलं, मरायला हवं होतं, पण श्वास घेत राहिलं. त्यातून १९७२ साली लिगिन्स आणि त्यांचे सहकारी हॉवी यांनी बायकांवरची चाचणी प्रसिद्ध केली. आज वेळेआधी कळा सुरू झालेल्या बाईला ३४ आठवड्यांच्या आत आम्ही बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची चार इंजेक्शनं बारा-बारा तासांनी देतो, ती याच कोकराच्या पुण्याईने. पूर्ण फायदा मिळायला एक दिवस तरी लागतो. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात पोट थांबून थांबून कडक होऊ लागलं, पाणी गेलं, तर "सकाळी बघू" नाही. रात्रीच निघा. आणि शक्य तर जिथे काचेची पेटी आहे तिथे जा. बाळाला जन्मानंतर हलवण्यापेक्षा पोटातच घेऊन जाणं चांगलं.

शेवटच्या दोन महिन्यांत नाळेच्या वेढ्याची भीती घालतात. दर चार-पाच बाळांत एकाच्या गळ्यात वेढा असतोच, बहुतेक वेळा आम्ही डोकं बाहेर आल्यावर बोटाने सोडवून टाकतो. बाळ आडवं किंवा पायाळू असेल तर ३४व्या आठवड्यापर्यंत मी काही बोलत नाही, बरीच आपणहून फिरतात. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी दिसतं म्हणतात. आमच्या कामात मात्र त्याला सिझरची तयारी लागते.

या महिन्यांत घाबरायची आणखी एक जागा आहे, आणि तिथे कोणी घाबरत नाही. हालचाल. एक बाई नवव्या महिन्यात आली, बाळ दोन दिवसांपासून हललं नव्हतं. घरच्यांनी सांगितलं होतं, "आता बाळ मोठं झालं, जागा पुरत नाही, म्हणून शांत आहे." सोनोग्राफी लावली तेव्हा ठोके नव्हते. तिने मला विचारलं, काल आले असते तर? मी काय उत्तर देणार? जागा कमी झाली की हालचालीचा प्रकार बदलतो, लाथेऐवजी रेटा जाणवतो, पण संख्या कमी व्हायला नको. २८ आठवड्यांनंतर जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडून मोजायचं. दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. नाही हललं, किंवा रोजच्यापेक्षा मंद वाटलं, तर रात्री दोन वाजले असले तरी दवाखान्यात या. दहातल्या नऊ जणी "उगाच आले मॅडम" म्हणत परत जातात. जाऊ देत. मी झोपेतून उठल्याचा राग धरत नाही.

तुम्हाला आत्ता करायचं एवढंच: शेवटच्या पाळीची तारीख फाईलच्या पहिल्या पानावर लिहा, फॉलिक अ‍ॅसिड चालू नसेल तर आजपासून घ्या, आणि दोन ते चार आठवड्यांतला एक दिवस एनटी स्कॅनसाठी धरून ठेवा. हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, थायरॉइड त्याच खेपेला होऊन जाईल. येताना सासूबाईंनाही घेऊन या. नातवंडाचा जुळलेला ओठ स्क्रीनवर जमेल तसा मीच दाखवायचा प्रयत्न करीन.